‘इथली पोरं टिकत नाहीत’

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत मी सव्वीस वर्षं नोकरी केली. पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणारा एक मध्यम आकाराचा कारखाना होता. १९८८ साली सुपरवायझर म्हणून लागलो आणि २०१४ साली प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून बाहेर पडलो. या सव्वीस वर्षांत एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आणि, खरं सांगायचं तर, इतक्या वेळा स्वतः म्हटलं की ते खरं की खोटं हे तपासायचं भानच राहिलं नाही. ‘इथली पोरं टिकत नाहीत.’ मालक म्हणायचे, ठेकेदार म्हणायचा, शेजारच्या कारखान्यातले मॅनेजर चहाच्या टपरीवर म्हणायचे. शहापूर तालुक्यात आसनगाव-वासिंदला काम करणारे माझे मित्रही हेच सांगायचे. पोरं म्हणजे आजूबाजूच्या गावापाड्यांवरची. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, आगरी, कुणबी अशी सगळी.

२००३ सालचा जुलै मला चांगला आठवतो. मोठ्या ऑर्डरचा माल महिनाअखेर जायचा होता. जूनमध्ये ठेकेदाराने अकरा हेल्पर आणून दिले. पाऊस लागला आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांतले चारच उरले. प्रेस उभ्या, कॉइल पडून, फोनवर गिऱ्हाईक ओरडतंय. ठेकेदाराला आम्ही वाट्टेल ते बोललो. त्याने कुठून कुठून परप्रांतातली माणसं आणून वेळ मारून नेली. ऑगस्टच्या सुरुवातीला गेलेल्यांतले पाच जण परत गेटवर उभे राहिले. मी म्हटलं, आता कशाला आलात? त्यांच्यात टोकावड्याच्या पुढच्या एका पाड्यावरचा वीस-एक वर्षांचा मुलगा होता. तो शांतपणे म्हणाला, “सायेब, आवणी टाकून येऊ कसा?”

शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. आवणी म्हणजे भाताची लावणी. उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस लागला की त्यात भात पेरायचं आणि रोपं हाताएवढी झाली की ती उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायची. हे काम पंधरा-वीस दिवसांतच उरकावं लागतं. त्या मुलाच्या घरची दीड एकर जमीन. ती वेळेत लावली गेली नाही तर वर्षाचा तांदूळ विकत घ्यायचा. पण गोष्ट एवढीच नव्हती. तिकडे सावडीने काम चालतं. आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं. जो इतरांच्या शेतात गेला नाही, त्याच्या शेतात कोण येणार? आणि ही सावड नुसती आवणीची नसते. घर शाकारताना, आजारी माणसाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणताना, लग्नात, मयताला तीच माणसं लागतात. ठेकेदाराकडची हेल्परची नोकरी आज आहे, उद्या नाही. एवढ्यासाठी सावड मोडायला कोण तयार होईल?

मग मी त्याच्याबरोबर हिशेब केला. ठेकेदार कापून हातात देई तो रोज आणि आवणीच्या दिवसांतली मजुरी, यांत पाच-दहा रुपयांचा फरक. आवणीत दुपारचं जेवण मिळतं आणि एसटीचं भाडं लागत नाही. म्हणजे जी नोकरी सोडल्याबद्दल आम्ही त्याला बेजबाबदार म्हणत होतो, ती सोडणं हाच त्याच्या दृष्टीने हिशेबी माणसाचा निर्णय होता. सव्वीसातली पंधरा वर्षं झाल्यावर हे मला कळलं, हेही सांगून टाकतो.

आता जरा लांब जाऊ. तुम्ही म्हणाल, मुरबाडच्या गोष्टीत इथिओपिया कुठून आला? पण तिथेही नेमकं हेच वाक्य ऐकू येत होतं. त्या देशाने ठरवलं की शेतीवर जगणाऱ्या एवढ्या माणसांना काम द्यायचं तर कारखाने हवेत. राजधानी अदिस अबाबाच्या दक्षिणेला हवासा नावाचं शहर आहे. तिथे २०१६ साली एक मोठी औद्योगिक वसाहत सुरू झाली. चिनी कंपनीने ती काही महिन्यांत उभी करून दिली होती. तयार शेड, वीज, रस्ता, सगळं जागच्या जागी. अमेरिकेत जकातीशिवाय माल पाठवायची सवलत होती. जगातले कपड्यांचे बडे ब्रँड आले, भारतीय कंपन्याही गेल्या. आपल्या ठाण्याचाच धागा सांगतो. १९२५ सालची ठाण्याची रेमंडची गिरणी २००९ साली बंद झाली, आणि पुढे त्याच समूहाच्या कंपनीने हवासाच्या वसाहतीत कपडे शिवण्याचा कारखाना काढला. कामगार म्हणजे बहुतेक आजूबाजूच्या खेड्यांतल्या तरुण मुली. २०१९ साली न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठाने तिथला अहवाल काढला. त्यात नव्या मुलीचा मूळ पगार महिन्याला २६ डॉलर असल्याची नोंद आहे. जगातल्या कपडे उद्योगात याहून कमी पगार शोधूनच काढावा लागला असता. आणि तिथले मॅनेजर काय सांगत होते? मुली टिकत नाहीत. पहिल्या वर्षात जवळजवळ सगळी भरती बदलली जात होती.

यावर एक फार सुंदर प्रयोग झालेला आहे. ख्रिस्तोफर ब्लॅटमन आणि स्टीफन डेरकॉन या दोन अर्थतज्ज्ञांनी इथिओपियातल्या पाच कंपन्यांना तयार केलं. नोकरीसाठी आलेल्या सुमारे एक हजार अर्जदारांमधून चिठ्ठ्या टाकून तीन गट पाडले. एका गटाला कारखान्यात नोकरी. दुसऱ्याला सुमारे ३०० डॉलर रोख आणि लहानसा धंदा कसा करावा याचं थोडं शिक्षण. तिसऱ्याला काहीच नाही. चिठ्ठ्या टाकल्या म्हणजे हुशार इकडे, आळशी तिकडे असं म्हणायला जागा राहिली नाही. वर्षानंतर पाहिलं तर नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्याच महिन्यात सोडून गेले होते आणि वर्ष संपेपर्यंत ७७ टक्के. बरं, जे नोकरीवर गेले त्यांची कमाई काहीच न मिळालेल्यांपेक्षा जास्त नव्हती. तास जास्त आणि तब्येतीच्या तक्रारीही जास्त. उलट ज्यांना रोख रक्कम मिळाली त्यांची कमाई एक तृतीयांशाने वाढली. कोणी भाजी विकायला लागलं, कोणी आणखी काही.

हे वाचून, कारखाने नकोतच, लोकांना पैसे वाटा, असा अर्थ काढणारे मला भेटले आहेत. मला तो पटत नाही. कारण तेच अभ्यासक पाच वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा तिन्ही गटांची कमाई जवळजवळ सारखी झाली होती. रोख मिळालेल्यांची आघाडीही विरून गेली होती. भाजीचा गाळा तेवढाच राहतो, शेजारी दुसरा गाळा लागतो. म्हणजे फुटकळ धंदा माणसाला वर्षभर हात देतो, पण पिढी पुढे नेत नाही. आणि कमी पगाराची, ठेकेदारी नोकरी तर वर्षभरही हात देत नाही. मग राहिलं काय? नोकरी अशी हवी की आवणीच्या मजुरीपेक्षा ती स्पष्ट दिसेल इतकी चांगली. तसा पगार मालक आपल्या खिशातून, पुण्य म्हणून देणार नाही. दर माणशी, दर तासाला माल जास्त आणि चांगला निघाला तरच तो देता येतो. उत्पादकता हा शब्द आमच्याकडे कामगारांना धाक घालायला वापरतात. मुळात तो पगाराचा शब्द आहे.

हवासाचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. यादवी युद्ध झालं, आणि अमेरिकेने १ जानेवारी २०२२ पासून ती जकातीची सवलत काढून घेतली. त्याच्या आधीच एक मोठी कंपनी गाशा गुंडाळून गेली होती. आमच्या मुरबाडकरांना हे ओळखीचं वाटेल. महाराष्ट्र सरकारने १९६४ पासून मागास भागात कारखाना काढणाऱ्यांना सवलती दिल्या, पुढे त्यात विक्रीकराची सूट आली. कारखाने आले. पण सवलतीच्या पायावर आलेला कारखाना सवलतीच्या तारखेला जातो. नव्या कारखान्यांना विक्रीकरातली सूट द्यायची नाही असं राज्यांनी २००० सालापासून ठरवलं आणि जुन्यांची मुदत एकेक करून संपत गेली. तेव्हा शटर ओढलेले गाळे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यांच्या कुंपणावर घाणेरीची झुडपं चढली होती.

आता उत्पादकतेकडे येतो, कारण हा माझा विषय आहे आणि त्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे तारापूरला, आणि गुजरातच्या हद्दीतल्या उंबरगावला, २००८ पासून पुढे एक अभ्यास झाला. तारापूर तेव्हा ठाण्यात होतं. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून ते तिकडे गेलं. निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी अमेरिकेतल्या विद्यापीठांतले आणि जागतिक बँकेतले. त्यांनी कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांचे २८ कारखाने घेतले. हे काही पडीक कारखाने नव्हते. सरासरी २७० कामगार असलेले, चांगले चालणारे धंदे होते. पण आत काय होतं? सुताचे कोन गोदामात कसेही रचलेले, कोणत्या रंगाचं किती आहे याची नोंद नाही. हत्यारं कुठेही. यंत्र बंद पडलं की दुरुस्ती, आधी देखभाल नाही. आणि जवळपास पाचवा हिस्सा माणसं कापडातले दोष शोधण्यात आणि ते दुरुस्त करण्यात गुंतलेली. पहिल्यांदाच नीट विणलं असतं तर या माणसांना दुसरं काम देता आलं असतं.

एका मोठ्या सल्लागार कंपनीची माणसं या कारखान्यांत फुकट पाठवण्यात आली. काही कारखान्यांत फक्त महिनाभर पाहणी, काहींत पाहणीनंतर चार महिने प्रत्यक्ष बदल. नवं यंत्र एकही नाही. करायचं काय, तर रोज दोषांची नोंद ठेवा, सकाळी दहा मिनिटं त्यावर बोला, सुताला लेबल लावा, यंत्राचं वेळापत्रक भिंतीवर टांगा, जमीन झाडा. अशा ३८ गोष्टींची यादी होती. पहिल्या वर्षातच उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. दोष जवळपास निम्म्यावर आले. आणि ज्यांच्याकडे हे बदल झाले त्यांनी पुढच्या तीन वर्षांत इतरांपेक्षा जास्त नवे कारखाने काढले. २०१३ साली हा अभ्यास छापून आला. नोकरीच्या शेवटच्या वर्षात तो माझ्या हाती पडला, आणि वाचताना मला वाटलं, अरे, हे आमच्याच शेडमध्ये येऊन गेले की काय!

कारण २००४ साली आमच्याकडे, अगदी लहान प्रमाणात, हे घडलं होतं. पॉवर प्रेसवर एक भाग काढून झाला की डाय उतरवायची आणि दुसऱ्या भागाची चढवायची. याला आमच्याकडे तीन तास लागत. तीन तास प्रेस बंद. सगळे समजत होते की डाय जड आहे, वेळ लागणारच. ऑगस्टमध्ये परत आलेला तो टोकावड्याकडचा मुलगा तोपर्यंत सेटरच्या हाताखाली लागला होता. तो एक दिवस म्हणाला, “सायेब, तीन तासांतले दोन तास आम्ही पान्हे हुडकतो.” मी घड्याळ घेऊन बसलो. त्याचं खरं होतं. क्लॅम्पचे बोल्ट चार वेगवेगळ्या मापांचे, प्रत्येकाचा पान्हा वेगळा, तो कोणी तरी टूल रूममध्ये नेलेला. शिमा कुठल्या तरी डब्यात. चेन ब्लॉक दुसऱ्या टोकाला. पुढची डाय कोणती हे आधीची उतरवल्यावर ठरायचं.

आम्ही सगळे बोल्ट एकाच मापाचे केले. प्रेसशेजारी फळी ठोकली, तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार रंगाने काढला, म्हणजे एखादं नसेल तर लगेच दिसावं. फळीची कल्पना त्या मुलाचीच. त्यांच्या घरी कुडावर कोयता, विळा, पाभार अशीच ठरलेल्या खुंटीला असतात, म्हणाला. पुढची डाय आधीच ट्रॉलीवर आणून ठेवायची. दिवाळीपर्यंत तीन तासांचे पन्नास मिनिटं झाले. जपानात मोटार कारखान्यांतल्या लोकांनी हे शास्त्र कितीतरी वर्षं आधी बसवलं होतं, पण मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही आमच्या अकलेने केलं, म्हणून जास्त आनंद झाला.

आणि मग जे झालं ते सांगायला मला अजून जड जातं. माल पहिल्या पाळीतच पुरा व्हायला लागला. मालकांनी विचारलं, दुसरी पाळी कशाला? मी म्हटलं, ऑर्डरी वाढवू, आता आपल्याला झेपतील. ते म्हणाले, ऑर्डरी वाढल्या तर बघणार कोण? मुलगा परदेशात गेला, भाऊ वेगळा झाला, तुम्ही एकटे किती पाहाल? दिवाळीच्या आधी दुसरी पाळी बंद झाली. सहा हेल्पर कमी करायचे होते. ठेकेदारी माणसं, ना नोटीस ना भरपाई. यादी मी केली. त्या यादीत तो मुलगाही होता, कारण तो दुसऱ्या पाळीत होता आणि हाताखालचा माणूस सगळ्यात नवा तोच. फळी भिंतीवर राहिली, फळी सुचवणारा गेला.

तारापूरच्या अभ्यासात याचंही कारण सापडतं. तिथे कारखान्याचा आकार कशावर ठरत होता? नफ्यावर किंवा हुशारीवर म्हणाल, तर तसं नव्हतं. मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती, यावर तो ठरत होता. भाऊ, मुलगे जितके, तितके कारखाने. बाहेरच्या माणसाच्या हाती किल्ल्या द्यायला मालक धजत नव्हते. माल चोरीला गेला तर कोर्टात किती वर्षं जातील याचा नेम नाही, ही भीती. तिला आपण हसू नये, ती खरी आहे. पण परिणाम असा की धंदा वाढायची ताकद आल्यावरही वाढत नाही, आणि मग वाचलेला वेळ नव्या कामात न जाता माणसं कमी करण्यात जातो. संशोधक २०१७ साली तारापूरला पुन्हा गेले तेव्हा शिकवलेल्यांपैकी सुमारे निम्म्या सवयी सुटल्या होत्या. मॅनेजर बदलले, मालकाला वेळ नाही, ही कारणं. तरी उरलेल्या निम्म्याचा फरक दिसत होता. म्हणून उत्पादकतेने रोजगार वाढतो का घटतो, असा सरळ प्रश्न मला कोणी विचारला तर मी विचारतो, कोणाच्या कारखान्यात? ज्या मालकाने परक्या माणसाला खुर्ची दिली, त्याच्याकडे वाढतो.

यादीनंतर मी दोन गोष्टी केल्या. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. २००६ पासून वर्षाची मोठी देखभाल आम्ही जुलैत घेतली. प्रेस उघडायच्या, तेलपाणी, गार्ड, क्लच सगळं बारा दिवसांत. त्या काळात स्थानिक मुलं आवणीला मोकळी आणि परत आल्यावर त्यांची जागा शाबूत. गिऱ्हाइकांचा माल जूनमध्येच करून ठेवायचा. मालकांना मी सांगितलं की यात दयामाया नाही, हजेरीचं वेळापत्रक आहे. दुसरी गोष्ट अगदी साधी. पॅकिंगमध्ये सरळगाव बाजूच्या बायका होत्या. आमची पाळी सुटायची वेळ आणि त्यांची एसटी यांत वीस मिनिटांची चुकामूक. पुढची गाडी दीड तासाने. अंधारात, पावसात त्या स्टँडवर बसून असत. दोन-चार महिन्यांनी घरचे म्हणत, पुरे झालं. पाळी आम्ही अर्धा तास अलीकडे घेतली. त्यानंतर त्या बायका टिकल्या. ‘इथली पोरं टिकत नाहीत’ या वाक्यातलं निम्मं रहस्य एसटीच्या वेळापत्रकात होतं.

आता शहापूर-मुरबाडकडे जरा वरून पाहू. २०११च्या जनगणनेत शहापूरची लोकसंख्या तीन लाखांच्या पुढे, मुरबाडची दोन लाखांच्या आत. मुंबई इतकी जवळ की कसारा लोकल शहापूर तालुक्यातून जाते. या भागाने शहराला काय दिलं? पाणी. तानसा १८९२ सालचं. मुंबईच्या पाण्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसाचं. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण, ते औद्योगिक महामंडळाचं, त्यातून अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवलीपर्यंतच्या कारखान्यांना पाणी जातं. धरणाची उंची वाढली तेव्हा मुरबाड तालुक्यातली गावं उठली. तिथल्या कुटुंबांतल्या मुलांना महामंडळात आणि पाणी घेणाऱ्या महापालिकांत नोकऱ्या द्यायचं ठरलं, त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर. हे तुम्ही दर मे महिन्यात वर्तमानपत्रात वाचता, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. रस्त्याच्या कडेला जमिनी हलायला लागल्या आहेत. बहुतेक ठिकाणी गोदामं होणार, भिवंडीसारखी. गोदामाला माझा विरोध नाही. पण एकरभर गोदामात किती माणसं लागतात ते भिवंडीत जाऊन मोजावं. आणि जी लागतात ती हमाली, पॅकिंग, वॉचमन. तिथे शिकून वर चढायला पायरी नाही. प्रेस शॉपमध्ये हेल्परचा सेटर होतो, सेटरचा डाय मेकर. गोदामात हमालाचा हमालच राहतो, फक्त पाठ दुखायला लागते.

वर चढायची पायरी फक्त वसाहतीतच असते असं मात्र नाही. २०२१ साली ट्रायफेड या केंद्र सरकारच्या संस्थेने जाहीर केलं की शहापूरच्या वनधन केंद्रातल्या कातकरी तरुणांना गुळवेलीची मोठी मागणी मिळाली आहे. ३५० टन, १ कोटी ५७ लाख रुपये, आणि घेणाऱ्या कंपन्या डाबर, हिमालया, बैद्यनाथ. हिशेब केला तर किलोला सुमारे ४५ रुपये पडतात. आता हे कोण लोक? कातकरी. आदिवासींमध्येही जी जमात सरकारने विशेष दुर्बळ म्हणून नोंदवली आहे. पावसाळा संपता संपता उचल घ्यायची, दिवाळीनंतर अख्खं बिऱ्हाड वीटभट्टीवर, पावसाळ्याच्या तोंडावर परत, आणि उचल फिटलेली नसतेच. वेठबिगारीचा कायदा १९७६चा, पण भट्टीवरच्या हिशेबाच्या वहीला तो पुष्कळदा माहीत नसतो. अशा समाजातले तरुण गुळवेल गोळा करून, कापून, वाळवून थेट कंपनीला देतात, ही मला कुठल्याही गुंतवणूक परिषदेपेक्षा मोठी बातमी वाटली. करोनाचा काळ होता, गुळवेलीला तेव्हा उठाव होता, हे खरं. दरवर्षी तसा राहील असं नाही. पण वाळवण्याची शेड, वजनकाटा, ओलावा मोजायचं यंत्र, जीएसटीचं बिल, हे सगळं एकदा हाताखालून गेलं की उद्या हिरडा असो, मोह असो, भात असो, तेच कसब कामाला येतं. आमच्या शेडमधल्या त्या फळीसारखंच आहे हे.

मला विचाराल तर या दोन तालुक्यांत पहिलं काम आयटीआयच्या मुलांना खऱ्या, चालू यंत्रावर हात ठेवू देण्याचं आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. तो वापरणारे कारखाने शिकाऊ मुलाला झाडू देतात की मायक्रोमीटर, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. दुसरं, सल्ला. तारापूरला तो सल्ला बाजारभावाने दर कारखान्यामागे अडीच लाख डॉलरचा होता. तो लहान मालकाला परवडणारा नाही. पण कल्याण-डोंबिवलीत, बदलापुरात माझ्यासारखे निवृत्त प्रॉडक्शनवाले ढिगाने बसले आहेत. सकाळी फिरायला जातात आणि राजकारणावर बोलतात. त्यांतल्या दहा जणांनी आठवड्यातून एक दिवस घड्याळ आणि वही घेऊन मुरबाडची गाडी पकडली तर? पावसाळ्यात रायत्याच्या पुलावर पाणी आलं की तेवढी सुट्टी. मी गेली काही वर्षं जातो. बहुतेक मालक चहा देतात आणि काही ऐकत नाहीत. दोघे ऐकतात.

दोन वर्षांपूर्वी पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेत गेलो होतो. बैलांच्या बाजारात पाठीमागून कोणीतरी हाक मारली, “सायेब!” तोच मुलगा. आता चाळिशीचा गृहस्थ, बरोबर भाऊ, बैलजोडी बघायला आलेले. आमच्याकडून गेल्यावर दुसऱ्या कारखान्यात सेटर झाला होता. आता मुरबाडला भाड्याच्या गाळ्यात दोन जुन्या प्रेस टाकून जॉबवर्क करतो. तीन माणसं आहेत. चहा घेताना त्याने विचारलं, “सायेब, त्या यादीत माझं नाव तुम्ही घातलंत का शेटने?”

मी म्हटलं, “मीच.”

“मला वाटलंच,” तो म्हणाला. थोडा वेळ चहा पीत राहिला. मग म्हणाला, धाकट्या प्रेसचा क्लच घसरतो, शनिवारी येऊन बघाल का? आणि चांगली दोन पोरं नजरेत असतील तर सांगा, पण आवणी झाल्यावर. शनिवारी मी गेलो. त्याच्या गाळ्यात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला भिंतीवर फळी होती, आणि तिच्यावरचा एकही पान्हा जागा सोडून नव्हता.